एका स्विचवर फोन: विद्यार्थ्यांचा प्रकल्प वापरणाऱ्यासोबत बसून कसा करायचा?

कार्यशाळा_मार्गदर्शक

अभियांत्रिकीच्या पाच विद्यार्थ्यांचा गट आहे, हातात १४ आठवडे. ज्यांच्यासोबत काम करायचं ते गृहस्थ तिशीतले. सेरेब्रल पाल्सी, हातापायांत ताठरपणा, मधूनच आपोआप होणाऱ्या मोठ्या हालचाली. बोलणं अनोळखी माणसाला चटकन कळत नाही. समज, वाचन, विनोदबुद्धी सगळं शाबूत. व्हीलचेअर वापरतात. त्यांची मागणी एका वाक्याची आहे: घरातल्या कोणाच्या हातात फोन न देता मेसेज वाचायचे आणि पाठवायचे. फोन अँड्रॉइड आहे.

विद्यार्थ्यांच्या डोक्यात आत्ता तीन कल्पना फिरताहेत: नजरेवर चालणारा कर्सर, मेंदूच्या लहरी टिपणारा हेडबँड आणि आवाजी आज्ञा. मला साधा स्विच बरा वाटतो (फोनवर एक चौकट आपोआप सरकत राहते, म्हणजे स्कॅनिंग, आणि ती हव्या जागी आली की एकच मोठं बटण दाबायचं), पण 'मला वाटतं' एवढ्यावर त्यांना थांबवणं योग्य नाही.

सुरुवात कुठून करावी? सह-रचना, म्हणजे वापरणाऱ्यासोबत मिळून रचना करणं, नुसती अहवालात लिहिण्यापुरती राहू नये म्हणून काय करावं? सर्किटमध्ये आणि बांधणीत नेमकं काय बिघडतं? खर्च कमी ठेवायचा आहे, पण दोन महिन्यांत कपाटात जाणारी वस्तू नको.

---

ओटी_मेजावर

ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (ओटी, रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) बाजूने लिहितो.

तिन्ही कल्पना आधी बाजूला का ठेवायच्या ते सांगतो, म्हणजे मुलांना कारण देता येईल. नजरेचा कर्सर कॅलिब्रेशनवर चालतो, म्हणजे आधी यंत्राला त्या माणसाच्या नजरेशी जुळवून घ्यावं लागतं. डोकं आपोआप वळत असेल तर कॅलिब्रेशन टिकत नाही, आणि खिडकीतून ऊन आलं की इन्फ्रारेड कॅमेरा गोंधळतो. हेडबँड टाळूवरचे सूक्ष्म संकेत टिपतो, पण जबडा आणि कपाळाच्या स्नायूंचे संकेत त्याहून कितीतरी मोठे असतात. ज्याच्या चेहऱ्याचे स्नायू सतत ओढले जातात त्याच्या बाबतीत यंत्र मेंदू नाही, स्नायू वाचत बसतं. नेहमीची आवाजी आज्ञा स्पष्ट उच्चारांवर शिकवलेली असते, अस्पष्ट बोलण्यावर तिची अचूकता घसरते. यातलं काहीच अशक्य नाही. पण १४ आठवड्यांत, रोज वापरता येईल असं काही हवं असेल तर स्विच.

मात्र स्विच बनवायला घेण्याआधी शरीराचा कुठला भाग तो दाबणार हे ठरवायला हवं, आणि त्याच्याही आधी बसणं. कंबर पुढे घसरलेली, पाय लटकलेले असतील तर हाताची चाचणी घेण्यात अर्थ नाही. श्रोणी (कमरेखालचा हाडांचा भाग) मागे टेकलेली, पावलांना आधार, गरज असेल तर बाजूंना आधार. हे काम त्यांच्या थेरपिस्टला सोबत घेऊन करा. उशी, पट्टे, आधार यांत विद्यार्थ्यांनी परस्पर बदल करू नयेत.

मग जागा शोधा. हात, कोपर, गुडघ्याची बाजू, पाऊल, डोक्याची बाजू, हनुवटी. प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न:

ती हालचाल त्यांना मनात येईल तेव्हा करता येते का? पुन्हा पुन्हा तशीच होते का? त्या हालचालीने बाकीचं शरीर ताठ होतं का? आणि दाबल्यावर सोडता येतं का?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. ताठरपणात दाबणं सोपं आणि सोडणं अवघड असतं. स्विच तीन सेकंद दाबलेलाच राहिला तर फोनला तो लांब दाब वाटतो. तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण डोक्याचं. काही जणांमध्ये डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचा हात आपोआप सरळ ताठतो आणि दुसरा दुमडतो. अशा वेळी गालाजवळचा स्विच दाबताना हात सुटतो आणि फोनच उडवला जातो. म्हणून गालाची जागा कागदावर कितीही आकर्षक दिसली तरी प्रत्यक्ष करून बघा.

चाचणी साधी ठेवा. दहा वेळा 'आता' म्हणा. किती वेळा दाबलं, न सांगता किती वेळा दाबलं गेलं, 'आता'पासून दाबेपर्यंत आणि दाबल्यापासून सोडेपर्यंत किती वेळ लागला, हे मोबाइलच्या व्हिडिओवरून मोजा. वीसेक मिनिटांनी थकल्यावर हेच परत. सकाळची आणि संध्याकाळची चाचणी वेगळी येते, म्हणून दोन्ही वेळा. ताज्या शरीराला जमणारी जागा थकलेल्या शरीराला जमत नसेल तर ती जागा बाद.

आणखी एक. स्विचचा मोठा 'टक' आवाज काहींना दचकवतो, आणि दचकलं की अख्खं शरीर झटका घेतं. स्विच दाबला गेल्याचं कळायला तर हवं. त्यामुळे हलका आवाज आणि बोटाला जाणवेल असा टप्पा, दोन्ही त्यांना करून दाखवून निवडायला द्या.

---

चाकांवरून

वापरणाऱ्यांच्या बाजूने.

पहिल्या भेटीत टेप काढून मोजायला सुरुवात करू नका. फोन कशासाठी हवा ते विचारा, कोणाला लिहायचं आहे ते नको. ते खासगी आहे, आणि खासगीपणा हीच तर मागणी आहे. यावरून रचनेतली एक अट लगेच निघते: फोनने वाचून दाखवलेलं घरभर ऐकू जाता कामा नये. म्हणजे एका कानातला इअरफोन किंवा आवाज बंद ठेवून मोठी अक्षरं. ही गोष्ट आईला किंवा भावाला विचारून कळणार नाही.

बोलताना नजर त्यांच्याकडे. 'यांना काय आवडतं?' असं शेजारच्याला विचारू नका. आधी त्यांचा 'हो' आणि 'नाही' काय आहे ते समजून घ्या: नजर वर, मान, आवाज, जे असेल ते. एका वेळी एकच प्रश्न. विचारल्यावर निदान दहा सेकंद गप्प बसा. हे मुलांना सगळ्यांत जड जातं. वाक्य मध्येच पूर्ण करू नका. कळलं नाही तर 'कळलं नाही, परत सांगा' म्हणा. कळल्यासारखी मान डोलावली की ते समोरच्याला लगेच कळतं, आणि मग पुढच्या वेळी ते खरं सांगायचे कष्ट घेत नाहीत.

नमुना दाखवून 'कसं वाटलं?' विचारलं तर 'छान' हेच उत्तर मिळतं. एवढी पोरं मेहनत घेताहेत, कोण वाईट म्हणेल? तीन पर्याय ठेवा, तेही मुद्दाम ओबडधोबड, पुठ्ठ्याचे. रंगवलेल्या गुळगुळीत वस्तूला नाव ठेवायला जीभ धजत नाही. आणि मत विचारण्यापेक्षा काम द्या: 'यावर मेसेज उघडा.' हात कुठे अडखळतो ते दिसेलच.

डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा तासभर व्हीलचेअरमध्ये बसून 'अनुभव घेण्याचे' खेळ टाळा. नवशिक्याची तासाभराची धडपड, आणि वर्षानुवर्षं त्याच शरीराने कामं उरकणाऱ्याचं कौशल्य, यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्या तासात त्यांच्या घरी बसून, ते आत्ता कुठली कामं कशी करतात ते बघा. बहुतेकांनी स्वतःच्या काही युक्त्या आधीच बसवलेल्या असतात.

आणि वेळेचे पैसे द्या. विद्यार्थ्यांना गुण मिळतात, मार्गदर्शकांना पगार मिळतो, आणि ज्याच्याशिवाय प्रकल्प होत नाही त्याला चहा? प्रवासखर्च वेगळा. संमतीही तुकड्यातुकड्याने: प्रकल्पासाठी एक, फोटो-व्हिडिओसाठी वेगळी, चेहरा दाखवण्यासाठी आणखी वेगळी, आणि कधीही थांबता येईल हे स्पष्ट. अहवालात नाव द्यायचं की नाही आणि द्यायचं तर सह-रचनाकार म्हणून, हे त्यांना विचारून.

---

तांब्याची_तार

सर्किट. यात नवीन शोध लावायचा नाही, ठरलेलं पाळायचं.

अपंगत्वासाठीच्या स्विचांचा जगभर बहुधा एकच जोड असतो: ३.५ मिमीचा मोनो प्लग, टोक आणि खोड एवढे दोनच संपर्क, आत दाबल्यावरच जुळणारा स्विच. तुमचा स्विचही असाच बनवा, आणि फोनला जोडायची डबी वेगळी. म्हणजे उद्या स्विच तुटला तर कुठलाही दुसरा स्विच लागतो, आणि उद्या फोन बदलला तर स्विच तसाच राहतो. स्विच आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच खोक्यात कोंबणं ही विद्यार्थी प्रकल्पांतली सगळ्यांत महागात पडणारी हौस.

आत बसणाऱ्या छोट्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात: कॉमन, एनओ (एरवी उघडा), एनसी (एरवी जुळलेला). कॉमन आणि एनओ वापरायचे. एनसी लावला तर सगळं उलटं होतं आणि मुलं कोड तपासत बसतात.

डबीतला सॉकेट स्टीरिओ असला तरी चालतो, पण मधली कडी मोकळी ठेवा. एकाच स्टीरिओ सॉकेटवर दोन स्विच बसवायचा मोह होतो (टोकाला एक, कडीला दुसरा). मग त्यात कोणी साधा मोनो स्विच खुपसला की कडी आणि खोड जुळतात आणि दुसरा स्विच कायमचा दाबलेला राहतो. दोन स्विच हवे असतील तर दोन सॉकेट.

बोर्ड: यूएसबी कीबोर्ड बनू शकणारी चिप हवी, म्हणजे फोनला डबी कीबोर्डच वाटते. एटीमेगा ३२यू४ असलेले लिओनार्दो किंवा प्रो मायक्रो चालतात, रास्पबेरी पाय पिकोही चालतो. आर्दुइनो उनो आर३ नको; त्याची मुख्य चिप थेट यूएसबी बोलत नाही. फोनला ओटीजी केबलने (बाहेरचं यूएसबी उपकरण फोनला लावणारी) जोडता येतं, बॅटरीचा प्रश्न मिटतो, पण त्याच भोकातून फोन चार्जही करायचा असतो. त्यासाठी चार्जिंग चालू ठेवणारा ओटीजी हब लागतो, आणि प्रत्येक हब प्रत्येक फोनवर चालतोच असं नाही. त्यांच्याच फोनवर तपासून घ्या. बिनतारी हवं असेल तर ब्लूटूथ असलेला ईएसपी३२ बोर्ड. एस२ नको, त्यात ब्लूटूथच नाही. मूळ ईएसपी३२, एस३ आणि सी३ मध्ये आहे. बिनतारीत दोन कटकटी: फोन दूर जाऊन परत आला की आपोआप जोडलं जातं का, आणि बॅटरी. पॉवर बँक लावाल तर ती कमी प्रवाह दिसला की 'काही जोडलेलं नाही' समजून स्वतःच बंद होते. छोटा लिथियम सेल आणि तो चार्ज करणारं टीपी४०५६ मॉड्यूल लावाल तर लक्षात ठेवा: ते मॉड्यूल बहुधा १.२ किलोओहम रोधासह येतं, म्हणजे १ अँपिअरने चार्ज करतं. ५०० एमएएचच्या सेलला हे फार होतं. तो रोध काढून ५ किलोओहम लावला की प्रवाह २५० मिलिअँपिअरच्या आसपास येतो.

माझं मत: पहिली आवृत्ती तारेचीच करा.

३२यू४च्या आतला पुल-अप (स्विच मोकळा असताना पिनची पातळी वर धरणारा रोध) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे कमकुवत. दोन मीटर केबल जोडली की ती आजूबाजूचा गोंगाट पकडते आणि भुताटकीचे दाब येतात. बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

कोडमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. संपर्काची थरथर १० ते २० मिलिसेकंदांत निवते, ती एक. माणसाच्या हाताची नकळत लागलेली धडक, ती दुसरी. तिच्यासाठी 'इतका वेळ दाबून ठेवलं तरच मोजायचं' आणि 'एकदा मोजल्यावर इतका वेळ नवीन दाब घ्यायचा नाही' असे दोन आकडे हवेत, आणि ते डबीवरच्या दोन नॉबने बदलता आले पाहिजेत. दर वेळी लॅपटॉप लावून कोड बदलावा लागला तर तुम्ही गेल्यावर कोणीही बदलणार नाही. पहिला आकडा ० ते ५०० मिलिसेकंद, दुसरा ० ते दीड सेकंद, एवढा पल्ला पुरे.

की पाठवताना एका दमात 'दाब-सोड' पाठवणारी आज्ञा वापरू नका. स्विच दाबला तेव्हा की दाबा, सुटला तेव्हा सोडा. मग फोनमधल्या लांब दाबाच्या सोयी वापरता येतात. मात्र पहिला आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर की तेवढ्या उशिरा दाबली जाणार, हे गृहीत धरा. स्पेस किंवा एंटरऐवजी एफ९ सारखी एरवी न लागणारी की निवडा, नाहीतर स्कॅनिंग बंद असताना मेसेजमध्ये रिकाम्या जागांची रांग लागते.

फोनसाठी नवीन ॲप बनवायला नको. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये 'स्विच ॲक्सेस' आहे (काही फोनवर ते आधी प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं); तिथे एफ९ला 'निवडा' हे काम द्या आणि ऑटो-स्कॅन चालू करा. चौकट एकेका घटकावरून सरकते, हव्या त्या जागी आली की स्विच दाबायचा. आयफोनवर याचंच नाव 'स्विच कंट्रोल'.

---

छिन्नी_हातोडा

वरचं सगळं बरोबर, पण असे प्रकल्प सर्किटमुळे क्वचित मरतात. मरतात ते पट्टी, स्प्रिंग आणि क्लॅम्पमुळे (स्विच व्हीलचेअरला धरून ठेवणारी पकड). म्हणून जरा सविस्तर.

स्विचची दाबायची तबकडी १०० ते १२५ मिमी व्यासाची ठेवा. मोठ्या हालचाली असलेल्या माणसाला छोटं बटण नेम धरून दाबायला लावणं चूक. एका कडेला बिजागरी लावू नका: बिजागरीजवळ दाबलं तर फार जोर लागतो, लांबच्या कडेला नगण्य. त्यापेक्षा परिघावर तीन किंवा चार स्प्रिंग आणि मध्यभागी मायक्रोस्विच. कुठेही दाबलं तरी तबकडी कलते आणि मध्य खाली जातो. हिशेब एवढाच की कड जितकी दबते त्याच्या निम्मंच मध्य दबतो. मायक्रोस्विचला १ मिमी लागत असेल तर कडेला किमान २ मिमी मोकळीक हवी, अडीच ठेवा.

त्याच्या लगेच खाली एक थांबा हवा, म्हणजे तबकडीला अडवणारा आधार. स्विच लागल्यानंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरवर तबकडी घट्ट आधारावर टेकली पाहिजे, म्हणजे पुढचा सगळा जोर तळपाटावर जातो. थांबा नसेल तर झटक्यातला प्रत्येक फटका मायक्रोस्विचच्या पत्र्यावर बसतो आणि तो वाकतो. घरगुती स्विच मोडण्याचं पहिलं कारण हेच. मध्यावर आणि चारही कडांवर थांबा वेगवेगळा तपासा.

किती जोरात लागावा? स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर स्विच ठेवून हळूहळू दाबा, लागेल त्या क्षणाचे ग्रॅम वाचा. १०० ग्रॅम म्हणजे जवळपास १ न्यूटन. अशक्त स्नायू असतील तर १०० ग्रॅमच्या आत. तुमच्या बाबतीत उलटं: हलका स्विच नुसता हात घासला तरी लागेल. ३०० ग्रॅमपासून सुरू करा आणि स्प्रिंग बदलून वर-खाली करा. पण हाच काटा त्यांच्या फटक्याचा जोर मोजायला वापरू नका. काटा मंद असतो, शिखर पकडत नाही. मजबुतीसाठी सोपी कसोटी: मोठ्या माणसाने कोपर टेकवून अंगाचा भार टाकावा. काही तडकता कामा नये.

थ्रीडी प्रिंटबद्दल. छापा, पण पीएलए प्लास्टिक गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत नको, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, पीईटीजी बरं. भरण्याची टक्केवारी वाढवण्यापेक्षा भिंतीचे थर चार करा. थरांच्या सांध्यावर ताण येईल अशा दिशेने छापलेला हूक नखाने तुटतो. अंगाला लागणाऱ्या प्रत्येक कडेला २-३ मिमी गोलाई. आणि थरांच्या खाचांत लाळ आणि घाम साचतो, म्हणून वर काढून धुता येईल असं आवरण. त्यासाठी लॅटेक्स वापरू नका. स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेल्यांत त्याची ॲलर्जी बरीच आढळते, आणि स्विच उद्या कोणाकडे जाईल सांगता येत नाही. तबकडीला ॲक्रेलिक नको, तडकतं आणि धारदार तुकडे पडतात. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचा ३ मिमी पत्रा घ्या, तळाला ६ मिमी प्लायवूड. तबकडी आणि तळ मी छापायलाच सांगणार नाही; करवतीने कापलेला पत्रा कुठेही, कोणीही परत कापू शकतो.

आता क्लॅम्प. वाकवता येणारी नळी सगळे आधी निवडतात कारण ती लगेच लागते. दाबलं की ती मागे सरकते, सोडलं की पुढे झुलते आणि स्विच दुसऱ्यांदा लागतो. मुलांना तो कोडमधला दोष वाटतो. कडक नळीचे दोन तुकडे, दोन सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर ऑइल पेंटने आरपार एक रेघ. रेघ जुळली म्हणजे जागा जुळली. स्विच लावणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. व्हीलचेअरच्या नळीचा व्यास व्हर्नियरने मोजा, अंदाज करू नका. मध्ये रबराची पट्टी. फ्रेमला भोक पाडायचं नाही, एकही नाही: नळी तिथे कमकुवत होते. क्लॅम्प चाकांच्या बाहेरच्या कडेपलीकडे आला तर दरवाजात अडकतो. खुर्चीतून पलंगावर जाताना सगळं एका खिट्टीने निघालं पाहिजे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ते काढून ठेवेल आणि परत लावणार नाही.

केबल प्लगच्या अगदी जवळ तुटते. तिथे हीटश्रिंकच्या (गरम केल्यावर आक्रसणारी नळी) दोन थरांची मुठी करा, खोक्याच्या आत गाठ मारा, आणि केबल चाकाजवळून नेऊ नका.

---

कार्यशाळा_मार्गदर्शक

खूप उपयोगी. एक अडचण. उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू ही जागा त्यांनी आणि थेरपिस्टनी मिळून निवडली. 'आता' म्हटल्यापासून दाबेपर्यंत सरासरी ०.९ सेकंद. नकळत दाब टाळायला गटाने ३०० मिलिसेकंद धरून ठेवण्याची अट घातली, स्कॅन १ सेकंदावर ठेवलं. आता निवड सतत पुढच्या घरावर जाते. मुलं म्हणतात सराव कमी पडतोय.

---

ओटी_मेजावर

सराव नाही, गणित. स्कॅनचा वेळ ठरवायचा ढोबळ नियम असा: प्रतिसादाचा वेळ भागिले ०.६५. नुसत्या ०.९ला साधारण १.४ सेकंद येतो. त्यात ०.३ धरून ठेवण्याची अट मिळवली की एकूण १.२ आणि स्कॅन सुमारे १.८५ सेकंद. तुम्ही १वर ठेवलंय, म्हणजे बरोबर दाबूनही चौकट पुढे गेलेली असणारच. त्यांच्यावर ढकलू नका.

धरून ठेवण्याची अट आधी शून्य करून बघा. गुडघ्याला नकळत धडका खरंच लागतात का, की क्लॅम्प झुलतोय? नकळत दाब एकामागोमाग जोडीने येत असतील तर क्लॅम्प किंवा सोडतानाचा झटका, आणि त्याला 'एकदा मोजल्यावर थांबा' हा दुसरा आकडा पुरतो. तो स्कॅन मंदावत नाही. एकेकटे, कधीही येत असतील तरच पहिला आकडा वाढवा. 'स्विच ॲक्सेस'मध्ये पहिल्या घटकावर जास्त वेळ थांबण्याची वेगळी सोय आहे, तीही वापरा. स्कॅन सुरू होताक्षणी पहिलं घर हुकणं फार होतं.

वेळेचाच ताण जड जात असेल तर दोन स्विच: एकाने पुढे सरकायचं, दुसऱ्याने निवडायचं. घाई संपते, पण दाब वाढतात, गुडघा दुखायला लागतो का ते बघा.

---

तांब्याची_तार

टायपिंगचाही हिशेब मुलांकडून करवून घ्या, डोळे उघडतात. ४० कळांचा कीबोर्ड एकेक कळ स्कॅन केला तर एका अक्षराला सरासरी वीस पायऱ्या, १.४ सेकंदाने जवळपास २८ सेकंद. आधी ओळ मग कळ असं केलं (५ ओळी, ८ स्तंभ) तर सरासरी साडेसात पायऱ्या, साडेदहा सेकंद. १२ तयार वाक्यांचा ४ बाय ३ चौकोन ठेवला तर साडेचार पायऱ्या, सहाएक सेकंदांत अख्खं वाक्य. म्हणून ओळ-स्तंभ स्कॅनिंग, शब्दसुचवण्या सगळ्यांत वरच्या ओळीत, आणि तयार वाक्यं. वाक्यं कुठली ते फक्त तेच ठरवणार. मुलांनी 'पाणी हवं', 'बाथरूमला जायचं' भरून ठेवलं तर ते आजारपणाचं यंत्र होतं. त्यांना मित्राची टिंगल करायची असेल.

---

चाकांवरून

शेवटच्या वाक्याला दुजोरा.

शिवाय: हा स्विच मदतीला हाक मारण्याचं एकमेव साधन होऊ देऊ नका. फोन संपतो, केबल निघते. आत्ताची हाक मारायची पद्धत, मग ती आवाज असो की घंटी, तशीच चालू राहू द्या.

---

छिन्नी_हातोडा

आणि गुडघ्याची जागा निवडली आहे तर त्वचा बघा. रोज स्विच काढल्यावर तिथे लाली आहे का? २०-३० मिनिटांत गेली नाही तर जागा किंवा मऊ थर बदलेपर्यंत वापर बंद. हाड बाहेर आलेल्या भागावर तबकडीची कड येऊ देऊ नका. ही तपासणी कोण करणार ते नाव घेऊन ठरवा, 'घरचे बघतील' असं नको.

---

सत्रअखेर

वेळापत्रक आणि हस्तांतर यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

अमेरिकेतला १९९३चा फिलिप्स आणि झाओ यांचा अभ्यास या क्षेत्रात अजून उद्धृत होतो: पाहणीतल्या साधनांपैकी २९.३ टक्के पूर्ण सोडून दिलेली निघाली. कारणांत वापरणाऱ्याचं मत न घेणं, साधन सहज, पारखून न घेता हाती येणं, ते नीट न चालणं आणि गरज बदलणं ही चार होती. तिसऱ्यावर विद्यार्थी मेहनत घेतात, पहिल्याची काळजी वरच्या उत्तरांनी घेतली. दुसरं आणि चौथं वेळापत्रकातून सांभाळता येतं.

१४ आठवडे असे वाटा. पहिले दोन: फक्त भेटी आणि निरीक्षण. तिसरा-चौथा: कुठूनतरी उसना आणलेला तयार स्विच त्यांच्याच फोनला लावून बघणं. यातच काम भागत असेल तर भागू द्या, आणि प्रकल्प फक्त क्लॅम्पचा करा. परीक्षकांना ते कमी वाटलं तर परीक्षकांशी बोला. पाचव्या-सहाव्यात पुठ्ठा आणि पत्रा. सातव्यापासून दहाव्यापर्यंत बांधणी, दर आठवड्याला घरी फेरी. अकराव्याला रचना गोठवा. उरलेले तीन आठवडे वस्तू त्यांच्याकडे, विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीत. सादरीकरणाच्या आदल्या रात्री दिलेली वस्तू म्हणजे न तपासलेली वस्तू.

यश मोजायचं तर सुरुवातीलाच त्यांच्याकडून पाच कामं निवडून घ्या आणि प्रत्येकाला १ ते १० मध्ये दोन गुण: किती जमतं आणि त्यावर किती समाधान. शेवटी परत. ओटी मंडळी यासाठी सीओपीएम नावाची ठरलेली मुलाखत वापरतात, त्यात सरासरी २ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. तुमच्या थेरपिस्टकडे ती असेल तर त्यांनीच घ्यावी. मुलांनी घेतली तर गुण दयेने वाढतात.

हस्तांतरात द्यायचं: दोन पूर्ण स्विच, दोन केबल, चार मायक्रोस्विच, स्प्रिंगचा जादा संच, कोड भरून तयार असलेला दुसरा बोर्ड. फोनमधल्या सगळ्या सेटिंगचे स्क्रीनशॉट छापून, कारण अपडेटनंतर त्या हलतात. एक पान फोटोंचं: क्लॅम्प कुठे, रेघ कुठे जुळवायची, लागत नसेल तर आधी काय बघायचं (केबल बदला, मग स्विच बदला, मग डबी). ते पान पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. पाच मिनिटांत त्याला लावता आलं नाही तर पान परत लिहा. फोन पूर्ण बंद करून चालू केल्यावर लॉक स्क्रीनवर स्विच चालतो का हेही तेव्हाच तपासा.

मोजमापं, कोड आणि सुटे भाग यांची यादी खुल्या परवान्यावर टाका: हार्डवेअरला सर्न-ओएचएल, कोडला एमआयटी किंवा जीपीएल. त्याआधी त्या गृहस्थांची परवानगी, कारण रचना त्यांचीही आहे. आणि संस्थेत एका कायमस्वरूपी माणसाचं नाव लिहून ठेवा, विद्यार्थ्याचं नको. पुढच्या वर्षीच्या गटाचं पहिलं काम नवीन विषय शोधणं नाही. या स्विचची तपासणी, स्प्रिंग बदलणं, आणि त्यांची गरज आता काय झालीय ते विचारणं.

---

कार्यशाळा_मार्गदर्शक

अट शून्य, मोजल्यानंतरचा थांबा ७०० मिलिसेकंद, स्कॅन १.४. जोडीने येणारे दाब थांबले. क्लॅम्पची वाकणारी नळी अजून आहे, ती काढतोय. व्हीलचेअरच्या नळीचा व्यास २२.२ मिमी भरला. बाजारात २२चा आणि २५चा क्लॅम्प मिळतो. कुठला?

---

छिन्नी_हातोडा

२५चा. मध्ये १.५ मिमी जाडीची रबरपट्टी पूर्ण वेढा देऊन. २२चा ओढून बसवलात तर रबराला जागा उरत नाही, रंग खरवडतो आणि क्लॅम्प घसरतो. बोल्टला आत नायलॉनची कडी असलेली नट (नायलॉक) लावा, व्हीलचेअरच्या थरथरीने साधी नट सैल होते.